मातीचा पेला



सोयाबीन निघाले की आपल्या जिल्ह्यातली रिकामी वावरे क्रिकेटची मैदाने होतात. वाशीमपासून रिसोड, मालेगाव, मंगरूळपीरपर्यंत टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. आपल्या धर्मग्रामातील तरुणांचाही संघ आहे आणि मिस्सेला उशिरा येणारी ही मुले सरावाला मात्र किती वेळेवर येतात, हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणून या रविवारी आम्ही त्यांच्या आवडीच्या विषयातून एक प्रश्न मांडणार आहोत. प्रश्न क्रिकेटचा नाही, पण तो क्रिकेटच्या मैदानावर फार स्वच्छ दिसतो. एखाद्या माणसाचा गुण आपण आनंदाने घ्यावा आणि त्या माणसाला मात्र दाराबाहेर ठेवावे, हे चालेल काय? आणि समजा तो माणूसही तक्रार न करता दाराबाहेर बसला, तर मग त्यात चूक कुणाची?

बाळू पालवणकर हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. घराणे मूळचे रत्नागिरीकडील पालवण गावचे, जातीने चांभार. जन्म धारवाडचा, 1870 च्या दशकाच्या मध्यातला. वडील लष्करात नोकरीला होते. पुण्यात गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि त्यांचे भाऊ खेळायला शिकले. पहिली नोकरी एका पारशी क्लबात, महिना तीन रुपये. काम खेळपट्टी झाडण्याचे आणि रोलर फिरवण्याचे. 1892 च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात लागले आणि पगार चार रुपये झाला. तेथे जाळे लावणे, मैदान आखणे अशी कामे होती. त्यातच साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकण्याचे काम आले आणि या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचे नशीब तेथेच फिरले.

पूना क्लबाचे सर्वांत नामांकित फलंदाज होते कॅप्टन जॉन ग्लेनी ग्रेग. असे सांगतात की ते इतरांच्या तासभर आधी मैदानावर येत आणि बाळूंना गोलंदाजी करायला लावत. बाळूंनी त्यांना बाद केले की दर वेळी आठ आणे देत. महिन्याला चार रुपये मिळवणाऱ्या तरुणाला आठ आणे म्हणजे काय, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. दिवसेंदिवस, तासन्‌तास बाळू गोलंदाजी करत राहिले. पण इतक्या काळात त्यांच्या हाती बॅट कुणी दिली नाही. फलंदाजी हे मालकाचे काम आणि चेंडू टाकणे हे नोकराचे, अशी ती विभागणी होती.

पुढे पुण्यातील हिंदू संघाला युरोपियनांशी सामना खेळायचा होता. बाळूंना घ्यावे की नाही, यावर वाद झाला. काहींनी विरोध केला, काहींनी आग्रह धरला. शेवटी त्यांना घेतले, कारण जिंकायचे होते. मैदानावर सगळ्यांनी तोच चेंडू हाताळला. बाळूंनी टाकलेला चेंडू यष्टिरक्षकाने झेलला, तेव्हा कुणी बाटले नाही. पण चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हिलियनमध्ये चिनी मातीच्या कपांतून चहा पीत आणि बाळूंना बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या पेल्यात चहा मिळे. जेवणाचे ताट वेगळे आणि बसण्याची जागाही वेगळी.

आमचे मन अडते ते या मातीच्या पेल्यापाशी.

सेमिनरीत असताना आम्ही अ‍ॅरिस्टॉटल शिकलो. त्याने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिली उपयोगासाठी, दुसरी सुखासाठी आणि तिसरी त्या माणसाच्या चांगुलपणासाठी. उपयोगाची मैत्री वाईटच असते, असे नाही. दुकानदार आणि गिऱ्हाईक, मालक आणि गडी यांचे नाते बहुधा त्याच जातीचे असते आणि जग त्यावर चालते. कांट या जर्मन तत्त्वज्ञाने त्यापुढची गोष्ट सांगितली. माणसाचा उपयोग आपण करून घेतोच, पण त्याला केवळ साधन मानू नये. यातला ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बाळूंकडून गोलंदाजी करून घेणे हे पाप नव्हते. बळी मिळाला की टाळ्या वाजवायच्या आणि चहाच्या वेळी त्यांना ओळखायचे नाही, इथे तो ‘केवळ’ आला. हात स्वीकारला आणि ज्याचा तो हात होता, तो माणूस नाकारला.

कुणी म्हणेल, बाळू स्वतः खेळत राहिले ना? त्यांनी तो पेला घेतला ना? मग अन्याय कसला? हा युक्तिवाद आपण रोज ऐकतो. तिला कमी मजुरी चालते, तो खालीच बसतो, त्यांना सवय आहे. पण ज्याच्यापुढे दुसरा रस्ता नाही, त्याच्या होकाराला संमती म्हणता येत नाही. भुकेल्या माणसाने शिळी भाकर खाल्ली म्हणून त्याला शिळीच आवडते, असे ठरत नाही. अन्याय सोसणाऱ्याचे मौन हा अन्याय करणाऱ्याचा पुरावा होऊ शकत नाही.

दुसरा कुणी म्हणेल, हळूहळू बदल झालाच की! हेही खरे आहे. साताऱ्यात बाळूंनी गोऱ्यांच्या संघाचे सात बळी घेतले, तेव्हा पुण्यात त्यांचा मोठा सत्कार झाला. त्या काळी न्यायमूर्ती रानडे यांनी खेळाडूंना सुनावले, असे सांगतात, की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर चहा प्यायला आणि जेवायला काय हरकत आहे? प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईला गेले. तेथे हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले आणि बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी करू लागले. मुंबईत ते संघाबरोबर एका पंगतीला बसू लागले. फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवले. हिंदूंच्या 242 आणि 160 धावा, युरोपियनांच्या 191 आणि 102. बाळूंनी सामन्यात आठ गडी बाद केले. त्यांचे धाकटे भाऊ शिवरामही त्या संघात होते. मुंबईच्या ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्राने या विजयापेक्षाही चांभार बंधूंना संघात मिळालेल्या जागेचे मोल अधिक मानले.

1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. 23 सामन्यांपैकी 6 जिंकले आणि 15 हरले. त्या पडझडीत एकट्या बाळूंनी 114 बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात 103 धावांत 8. तेव्हा त्यांनी पस्तिशी ओलांडली होती आणि इतकी वर्षे गोलंदाजी केलेला खांदा दुखरा झाला होता. प्रथम श्रेणीच्या 33 सामन्यांत त्यांचे 179 बळी आहेत आणि प्रत्येक बळीमागे धावा अवघ्या पंधरा. आमच्या तरुण संघातील गोलंदाजांनी हा आकडा लिहून ठेवावा.

तर मग पेला बदलला, हे चांगलेच झाले. पण तो कशामुळे बदलला, हे पाहिले पाहिजे. बळी पडले म्हणून कप मिळाला. म्हणजे जो मान जन्मतःच मिळायला हवा होता, तो बक्षीस म्हणून मिळाला. आता विचार करा. बाळूंच्याच वस्तीत त्यांच्याच वयाचा एखादा तरुण असेल, ज्याच्या बोटांत फिरकी नव्हती. तो चामडे कमवत असेल, जोडे शिवत असेल, अगदी साधा माणूस. त्याचा मातीचा पेला कुणी बदलावा? साताऱ्याला सात बळी घेऊ न शकणाऱ्याने आयुष्यभर पॅव्हिलियनबाहेरच उभे राहायचे काय?

आमच्या मते खरा नैतिक प्रश्न हाच आहे. गुणवंताचा आदर करणे सोपे असते. त्यात आपलाही फायदा असतो. दलित मुलगा कलेक्टर झाला की सगळे गाव त्याच्या सत्काराला येते, तोच मुलगा नापास होऊन मजुरीला गेला की त्याच्या घरचे पाणी कुणाला नको असते. आपली श्रद्धा सांगते की माणूस देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला. त्यासाठी आधी काही करून दाखवण्याची अट देवाने घातली नाही. गुण ही देवाची देणगी आहे, पण प्रतिष्ठा ही त्या गुणाची मजुरी नाही. संत थॉमस अक्वायनस न्यायाची व्याख्या करतात ती ज्याचे त्याला देण्याची. ज्याचे आहे ते देताना आपण उपकार करत नसतो, देणे फेडत असतो.

बाळूंच्या बाबतीत हे देणे पुरते फिटले नाही. सर्वांत अनुभवी आणि सर्वांत यशस्वी असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. 1913 मध्ये ते एम. डी. पै यांना मिळाले. पै हे गौड सारस्वत ब्राह्मण. ज्ञातिबांधवांनी केलेल्या सत्काराच्या वेळी पै यांनी उभे राहून सांगितले की हा मान खरे तर माझे ज्येष्ठ सहकारी बाळू यांचा होता. हार गळ्यात असताना, आपल्याच माणसांपुढे, हे बोलायला धैर्य लागते. कर्णधारपद त्यांनी सोडले नाही, हेही खरे. पण अन्यायाचा लाभ मिळालेल्या माणसाने तो लाभ हक्काचा नाही असे उघड बोलणे, ही पहिली पायरी आहे. आपल्यापैकी बहुतेक जण तीही चढत नाहीत.

1920 मध्ये पुन्हा डावलले गेले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि जातीवरून होणारा हा अपमान आपण सोसणार नाही, असे जाहीर केले. लोकांचा पाठिंबा त्यांना मिळाला. तडजोड झाली आणि बाळू उपकर्णधार झाले. पुढे 1923 मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी संघ जिंकला. विठ्ठल यांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले.

त्या दोन भावांचे बाहेर पडणे अनेकांना तेव्हा अहंकार वाटले असेल. ख्रिस्ती माणसालाही हा प्रश्न पडतो. आपल्याला तर दुसरा गाल पुढे करायला सांगितले आहे. मग अन्याय सोसावा की बोलावे? पण महायाजकापुढे उभ्या असलेल्या येशूला एका शिपायाने चापट मारली, तेव्हा प्रभू गप्प राहिला नाही. मी चुकीचे बोललो असेन तर ते दाखव, नसेन तर का मारतोस, असे त्याने विचारले. त्याने उलट हात उगारला नाही, पण खोटेही मान्य केले नाही. नम्रता म्हणजे स्वतःविषयीचे खोटे मान्य करणे नव्हे. जो मला कमी लेखतो त्याला ‘होय, मी कमीच आहे’ असे म्हणणे हे देवाच्या निर्मितीविरुद्ध साक्ष देणे आहे. शिवराम आणि विठ्ठल यांनी दगड मारला नाही. आम्ही या खोट्यात सामील होणार नाही, एवढेच ते म्हणाले.

बाळू पुढे राजकारणात आले. 1932 च्या पुणे कराराच्या वाटाघाटींत ते होते. 1937 च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना 13,245 आणि बाळूंना 11,225 मते पडली. दोन मोठी माणसे आणि दोन वाटा. सवर्णांचे मन बदलेल, असा एकाचा भरवसा. मन बदलायची वाट कुठवर पाहायची, हक्क आधी हातात हवेत, असा दुसऱ्याचा आग्रह. आम्हांला वाटते, ज्याला पॅव्हिलियनमध्ये बोलावले गेले त्याचा भरवसा समजण्यासारखा आहे आणि ज्याला बाहेर राहिलेल्या लाखोंची काळजी होती त्याचा आग्रह न्यायाचा होता. बाळू पालवणकर 4 जुलै 1955 रोजी मुंबईत वारले.

आता आम्ही आपल्या घरात येतो. ही गोष्ट हिंदू जिमखान्याची आहे, आपली नाही, असे म्हणून सुटता येणार नाही. आपल्या देशात काही ठिकाणी चर्चमध्येसुद्धा जातीप्रमाणे वेगळी जागा आणि वेगळे कबरस्तान होते. भारतातील कॅथलिक महागुरुस्वामींच्या परिषदेने डिसेंबर 2016 मध्ये दलितांविषयीचे धोरण जाहीर करताना चर्चमधील भेदभावाची कबुली दिली आणि तो पाप आहे, हे मान्य केले. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी जागा देणाऱ्या मंडळीची खरडपट्टी आहे. म्हणजे हा रोग पहिल्या शतकापासूनचा आहे.

आणि आम्हांला एक कबुली द्यायची आहे. गेल्या सणाच्या मिरवणुकीला आपण जवळच्या वस्तीतून डफडेवाले बोलावले होते. त्यांच्या डफड्यांशिवाय मिरवणुकीला रंग आला नसता, असे सगळेच म्हणाले. जेवणाच्या वेळी हॉलमध्ये स्टीलची ताटे मांडली होती. डफडेवाले फाटकापाशी लिंबाखाली बसले आणि त्यांना तिथेच कागदी पत्रावळींवर जेवण पोहोचले. त्यांना बाहेर बसा, असे कुणी म्हटले नाही. पण आत या, असेही कुणी म्हटले नाही. आम्ही खिडकीतून ते पाहिले आणि पाहुण्यांना वाढायला वळलो. त्या रात्री मिस्सेचा प्याला कपाटात ठेवताना ते दृश्य आम्हांला आठवले. अन्याय करण्यासाठी प्रत्येक वेळी कुणी तसे ठरवावेच लागते, असे नाही. कुणीच काही न ठरवले तरी तो होतो, कारण जुनी व्यवस्था आपल्या वतीने आधीच ठरवून बसलेली असते.

संत पौल करिंथकरांवर रागावला तो याच कारणाने. ते प्रभुभोजनासाठी एकत्र येत, पण खातेपिते लोक आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. पौल त्यांना सांगतो की हे प्रभूचे भोजनच नव्हे. वेदीवरचा प्याला आणि हॉलमधले ताट यांना पौल वेगळे करत नाही. वेदीपाशी आपण एका रांगेत उभे राहून एकाच ख्रिस्ताचे शरीर घेतो. त्या रांगेतून बाहेर पडून दहा पावलांवर आपण पुन्हा मातीचा पेला काढला, तर जे घेतले ते आपण ओळखलेच नाही.

ग्रेग यांच्याविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. बाळूंना आठ आणे देणारे ते फलंदाज लष्करातून निवृत्त होऊन इंग्लंडला गेले आणि 1935 मध्ये, साठी ओलांडल्यावर, त्यांनी कॅथलिक धर्मगुरू म्हणून दीक्षा घेतली. पुण्याच्या मैदानावर बॅट दुसऱ्याला न देणारे हात उतारवयात वेदीवरचा प्याला उचलू लागले. आम्हांला यात न्यायनिवाडा करायचा नाही. धर्मगुरू झाल्याने आधीचा हिशेब आपोआप फिटत नाही, हे आम्ही स्वतःवरून जाणतो. पण माणूस कोणत्याही वयात त्या मेजाकडे वळू शकतो, जिथे नोकर आणि मालक अशी विभागणी नाही, एवढे धैर्य या गोष्टीतून मिळते.

म्हणून या वर्षीच्या सणासाठी आम्ही दोन गोष्टी ठरवल्या आहेत. डफडेवाले हॉलमध्ये, आपल्याच ताटांत, आपल्याबरोबर जेवतील. आम्ही त्यांच्या पंगतीला बसू आणि धर्मग्राम समितीच्या सदस्यांनीही बसावे, अशी विनंती आहे. आणि मंडप घालणारे, भांडी घासणारे, मागची नाली साफ करायला येणारे भाऊ, ज्यांच्या कामाला कुणी टाळ्या वाजवत नाही, तेही त्याच पंगतीत असतील.

बाकीचे काम आपापल्या घरी आहे. आज घरी गेल्यावर स्वयंपाकघराच्या फळीवर पाहा. कान तुटलेला किंवा वेगळा ठेवलेला एखादा कप तिथे आहे काय, जो फक्त कामाला येणाऱ्या बाईसाठी काढला जातो? असेल तर तो कुणी ठेवला, हे विचारत बसू नका. तो फेकून द्या. उद्या ती मावशी आली की आपल्याच कपात तिला चहा द्या आणि शक्य झाले तर तिच्याजवळ बसून आपणही घोटभर घ्या.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू